एडिंबरा: चार आणि नऊ वर्षांची मुलं, सोबत आजी. चार दिवस कसे घालवावेत?

कृष्णाकाठ, ११ मार्च

नमस्कार मंडळी. मे अखेरीस आम्ही लंडनला नणंदेकडे जाणार आहोत आणि तिथून चार रात्री एडिंबऱ्याला जायचं ठरतंय. मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत, चालतात छान, पण जिने सावकाश चढतात आणि शुद्ध शाकाहारी आहेत. लेकीला किल्ल्यांचं वेड आहे, सिंहगड आणि लोहगड तिने स्वतःच्या पायांनी केलेत. शिवाय ती बुद्धिबळ खेळते. मुलाला प्राणी आवडतात आणि मोठ्या आवाजाची फार भीती वाटते. दिवाळीत घराच्या आतल्या खोलीत बसून राहतो.

मागच्या खेपेला लंडनमध्ये आम्ही रोज तीन-तीन ठिकाणं केली. तिसऱ्या दिवशी दोन्ही मुलं रस्त्यात बसून रडली आणि मलाही रडू आलं. या वेळी तसं करायचं नाही. किल्ला बघण्यासारखा आहे का, राहायचं कुठल्या भागात, आजींच्या जेवणाचं काय, बाबागाडी न्यावी का, सगळंच सांगा.

लीथकर, ११ मार्च

ताई, मी अकरा वर्षं इथे राहतोय, माझी दोन्ही मुलं इथेच वाढताहेत. सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो, जी नकाशात कळत नाही. हे शहर दोन मजली आहे. नकाशावर जॉर्ज द फोर्थ ब्रिज आणि काउगेट हे रस्ते एकमेकांना छेदताना दिसतात. प्रत्यक्षात पहिला दुसऱ्याच्या डोक्यावरून जातो आणि एकावरून दुसऱ्यावर यायला जिने किंवा लांबचा वळसा. फोन पाच मिनिटं दाखवेल तिथे तुमच्या कुटुंबाला वीस धरा.

दुसरी गोष्ट उताराची. जुनं शहर एका लांबट धारेवर वसलंय. पश्चिम टोकाला किल्ला, पूर्व टोकाला होलीरूडचा राजवाडा, आणि दोघांना जोडणारा रस्ता म्हणजे रॉयल माइल. हा रस्ता किल्ल्याकडून राजवाड्याकडे सतत उतरतो. बरेच पाहुणे खालून चालायला लागतात आणि किल्ल्याच्या दारात पोचेपर्यंत मुलं दमलेली असतात. तुम्ही सकाळी टॅक्सीने थेट वर जा आणि दिवसभर रमतगमत उतरा. दोन्ही बाजूंना अरुंद बोळ फुटतात, त्यांना इथे क्लोज म्हणतात. मुलांना त्यांत शिरायला फार आवडतं. कॅनन्गेटवरच्या डनबार्स क्लोजमध्ये नक्की शिरा. बोळ संपतो आणि १७व्या शतकाच्या धर्तीवर आखलेली शांत बाग समोर येते. फुकट आहे, बसायला बाकं आहेत. आजींना तिथे बरं वाटेल.

बाबागाडी नका आणू. दगडी फरसबंदीवर चाकं अडकतात आणि जिन्यांवर ती उचलून न्यावी लागते. राहायला न्यू टाउन किंवा हेमार्केटची बाजू बघा, स्वयंपाकघर असलेलं घर मिळालं तर उत्तम. खिडक्यांना जाड पडदे आहेत का ते आधी विचारा. मे अखेरीस सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो आणि पहाटे पाचच्या आत उगवतो. बाहेर लख्ख उजेड असताना चार वर्षांच्या मुलाला झोपवणं कठीण जातं.

आणि लंडनहून येताना आगगाडीत उजव्या हाताच्या खिडक्या धरा. न्यूकासल सुटलं की बराच वेळ समुद्र त्याच बाजूला असतो.

गडवाट, १२ मार्च

लेक सिंहगड चढलीय ना, मग किल्ला बघायचा की नाही हा प्रश्नच नको. फक्त जाण्याआधी तिला तो खडक समजावून सांगा.

किल्ल्याखालचा कातळ म्हणजे सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्याच्यापुढे कालचा. पुढे हिमयुगात बर्फाची प्रचंड लादी पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत आली. हा कठीण कातळ तिला बधला नाही. आजूबाजूचं सगळं खरवडलं गेलं, आणि कातळाच्या आडोशाला पूर्वेकडचा मऊ खडक तेवढा शेपटीसारखा शिल्लक राहिला. लीथकरांनी सांगितलेला तो उतार म्हणजे हीच शेपटी. म्हणून किल्ल्याला तीन बाजूंनी कडा आणि एकाच बाजूने वाट. आपल्याकडच्या मुलांना हे पटकन कळतं, कारण एकाच वाटेचा गड त्यांनी पाहिलेला असतो.

आता गोष्ट. १३१४ साली किल्ला इंग्रजांकडे होता. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याचा पुतण्या थॉमस रँडॉल्फ याने वेढा घातला, पण दरवाजा काही पडेना. तेव्हा विल्यम फ्रान्सिस नावाचा माणूस पुढे आला. त्याचं लहानपण किल्ल्यावर गेलेलं. गावातल्या मुलीला भेटायला तो रात्री कड्यावरून चोरून उतरत असे, त्यामुळे वाट पायाखालची. त्याने मार्चच्या रात्री तीस माणसांना उत्तरेच्या कड्यावरून वर नेलं आणि किल्ला पडला. हे सांगून झालं की लेकीला पन्हाळा सांगा. १६७३ सालचा तोच मार्च महिना, कोंडाजी फर्जंद आणि साठ मावळे. दोन्ही गोष्टी लागोपाठ ऐकलेलं मूल त्या कड्याकडे नुसतं बघत उभं राहतं, हा माझ्या भाच्यांचा अनुभव.

किल्ला परत शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ब्रूसने नंतर तो पाडून टाकला. त्यातून वाचलं ते १२व्या शतकातलं छोटं सेंट मार्गारेट चॅपल, शहरातली सर्वांत जुनी उभी इमारत. आणि विहीर बघायला विसरू नका. या किल्ल्याची दुखरी नस पाणी. १५७३ च्या वेढ्यात तोफांच्या माऱ्याने डेव्हिड्स टॉवर ढासळला, त्याच्या मलब्याने विहीर बुजली आणि किल्लेदाराला शरण यावं लागलं.

निळावंती, १२ मार्च

गडवाट, माहिती सुंदर आहे. पण मी जरा वेगळं सांगते. आम्ही तीन वर्षांच्या मुलाला घेऊन भर दुपारी किल्ल्यावर गेलो होतो. वारा असा की टोपी डोक्यावर ठरत नव्हती, दालनांत गर्दी, काचेतल्या तलवारी त्याच्या उंचीच्या वर. दीड तासात बाहेर आलो. चार वर्षांच्या मुलासाठी मी किल्ल्याला दुसरा नंबर देईन. पहिला नॅशनल म्युझियम ऑफ स्कॉटलंडला. चेंबर्स स्ट्रीटवर आहे, प्रवेश फुकट, आणि फुकट असल्यामुळे तासाभरात बाहेर पडलं तरी पैसे वाया गेल्याची चुटपुट लागत नाही. मुलांसोबत ही फार मोठी सोय आहे.

तिथे डॉली मेंढी आहे, खरी, पेंढा भरलेली. १९९६ साली शहराजवळच्या रॉझलिनमध्ये जन्मली, मोठ्या मेंढीच्या पेशीपासून क्लोन केलेला जगातला पहिला सस्तन प्राणी. लहान्याला डायनासोरचा सांगाडा पुरेल.

आता मनावर घेऊन सांगते ते क्रॅमंडबद्दल. शहराच्या वायव्य कडेला क्रॅमंड बेट आहे, ओहोटीला त्यावर चालत जाता येतं. वाटेच्या कडेने दुसऱ्या महायुद्धातले काँक्रीटचे उंच सुळके उभे आहेत, मुलांना भारी वाटतात. अलिबागचा कुलाबा किल्ला आठवा. ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास एवढाच वेळ सुरक्षित, वेळा किनाऱ्यावरच्या फलकावर लिहिलेल्या असतात. आम्ही त्या वाचल्या आणि तरी बेटावर डबा खात रेंगाळलो. परतताना मधल्या भागात पाणी घोट्याच्या वर आलं होतं. नवऱ्याने मुलाला खांद्यावर घेतलं आणि आम्ही अक्षरशः पळालो. चूक पूर्णपणे आमची होती. आजी सोबत असतील तर बेटावर जाऊच नका, किनाऱ्यावरूनही ते छान दिसतं.

लीथकर, १२ मार्च

क्रॅमंडबद्दल शंभर टक्के अनुमोदन. तिथे अडकलेल्या लोकांना आणायला बचाव बोट काढावी लागते, आणि हे वरचेवर होतं.

किल्ल्याबाबत मात्र निळावंतीताईंचा अनुभव दुपारचा आहे. दार उघडतं त्या वेळचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा, सकाळी साडेनऊला गर्दी निम्मीही नसते. आणि सगळा किल्ला बघायचा नाही असं घरूनच ठरवून जा. मुलांसाठी तीन जागा. एक, मॉन्स मेग तोफ. १४४९ साली बनलेली, दीडशे किलोचा दगडी गोळा फेकणारी. दोन, सैनिकांच्या कुत्र्यांची चिमुकली दफनभूमी, वरच्या तटावरून खाली वाकून दिसते. तीन, १५६६ साली मेरी राणीला मुलगा झाला ती एवढीशी खोली. पुढे हाच मुलगा स्कॉटलंड आणि इंग्लंड दोन्हींचा राजा झाला. झालं, बाहेर पडा.

राहता राहिली एक वाजताची तोफ. १८६१ पासून रोज दुपारी बरोबर एकला किल्ल्यावरून तोफ उडते. रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडून. फोर्थच्या खाडीतल्या जहाजांना घड्याळ लावता यावं म्हणून ती सुरू झाली. आधी कॅल्टन हिलवरच्या मनोऱ्यावरून एक चेंडू खाली सोडत, पण धुक्यात तो दिसायचा नाही. जवळून आवाज जबरदस्त येतो. तुमच्या मुलाला त्या वेळी किल्ल्यावर ठेवू नका. त्याला कॅल्टन हिलवर न्या. प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाची छोटी टेकडी, आजीही सावकाश चढतील. किल्ला तिथून सव्वा किलोमीटरवर आहे, म्हणजे आवाज यायला जवळजवळ चार सेकंद लागतात. फोनवर एक वाजलेला बघायचा आणि मोजायचं. पूर्वी इथे तोफेचा नकाशाच छापला होता, कुठल्या भागात आवाज किती सेकंद उशिरा पोचतो ते दाखवणारा, म्हणजे माणसांनी तेवढे सेकंद वजा करून घड्याळ लावावं.

आजीचापदर, १३ मार्च

मी मुलाकडे तिथे दोन उन्हाळे राहून आलेय. तुमच्या सासूबाईंना सांगा, काळजी करू नका. ओट्सची लापशी सकाळी सगळीकडे मिळते, आपल्या लापशीचीच बहीण, फक्त साखर किंवा मध वेगळा मागा कारण तिकडची माणसं मीठ घालून खातात. हॅगिस हा तिकडचा खास पदार्थ मांसाचा असतो, पण शाकाहारी हॅगिसही जवळजवळ प्रत्येक ठिकाणी असतं. डाळी, ओट्स, बिया, भाज्या, वर मिरी. सोबत बटाट्याचा आणि सलगमसारख्या कंदाचा लगदा. चव सौम्य, लसणाची चटणी जवळ असली की उत्तम लागतं. मुलांना टॅबलेट नावाची वडी द्या. साखर, आटवलेलं दूध, लोणी. तोंडात टाकली की दुधाची वडी आठवते. निकोल्सन स्ट्रीट आणि लीथ वॉक या भागांत आपल्याकडचं वाणसामान मिळतं.

आणि सूनबाई, त्यांच्यासाठी वारा अडवणारं जाकीट आणा. छत्रीचा काही उपयोग नाही, ती उलटी होते.

टेकडीपलीकडे, १३ मार्च

किल्ल्याच्या दारापाशीच कॅमेरा ऑब्स्क्युरा आहे. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या गोल टेबलावर बाहेरचं शहर जिवंत उमटतं, आणि कागदाच्या तुकड्यावर चालती माणसं उचलता येतात. मुलं वेडी होतात. खालच्या मजल्यांवर आरसे आणि दृष्टिभ्रमाचे खेळ आहेत. हे सगळं ज्या मनोऱ्यात आहे तो १८९२ साली नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी घेतला. हेच गेडिस पुढे १९१९ ला मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, गोविंद सदाशिव घुर्ये त्यांचे विद्यार्थी. शहर आधी उंचावरून सगळं मिळून बघावं आणि मग रस्त्यात उतरावं, ही त्यांची शिकवण. त्यासाठीच तो मनोरा त्यांनी घेतला होता. जुन्या शहराच्या कोंदट बोळांत बागा कराव्यात ही धडपडही त्यांचीच. लीथकरांनी सांगितलेली बाग त्याच परंपरेतली.

पुण्याच्या मंडळींसाठी आणखी एक: फर्ग्युसन कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन १८३२ साली एडिंबऱ्यातच जन्मले.

कृष्णाकाठ, १४ मार्च

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांनी टॅबलेटची कृती शोधायला सांगितली आहे. दोन शंका. मेरी किंग्ज क्लोज हे जमिनीखालचं गल्लीचं ठिकाण मुलांना चालेल का? आणि प्राणिसंग्रहालयात पांडा आहेत ना?

लीथकर, १४ मार्च

मेरी किंग्ज क्लोजला पाच वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. लेक आणि बाबा जाऊ देत. १७व्या शतकातल्या उंच घरांची ती खरी गल्ली आहे, वरती नवीन इमारत बांधताना खाली गाडली गेलेली. भुतांच्या सहलींना मात्र नऊ वर्षांच्या मुलीलाही नेऊ नका असं मी म्हणेन, रात्रीची झोप जाते.

पांडा डिसेंबर २०२३ मध्ये चीनला परत गेले. पण पेंग्विन आहेत, आणि त्यांच्यात एक मेजर जनरल आहे. सर निल्स ओलाव हा किंग पेंग्विन नॉर्वेच्या राजाच्या रक्षकदलाचा मानाचा अधिकारी. १९७२ पासून ही प्रथा आहे, एका पेंग्विननंतर दुसरा ते नाव आणि पद पुढे चालवतो. २०२३ ला त्याला ही बढती मिळाली. प्राणिसंग्रहालय टेकडीच्या उतारावर आहे, चढ बराच, आजींना खालच्या भागात पेंग्विनांपाशी बसू द्या.

कृष्णाकाठ, ९ जून

मंडळी, परवा परत आलो. जेटलॅग आहे पण आजच लिहायचं होतं.

गाडीत उजव्या बाजूला बसलो. समुद्र दिसायला लागला तसा मुलगा खिडकीला नाक लावून बसला तो स्टेशन येईपर्यंत. पहिल्या रात्री पडदे लावूनही तो साडेदहापर्यंत जागा होता, “अजून रात्र झालेली नाही” एवढंच त्याचं म्हणणं, आणि खरंच झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन तुकड्या केल्या. सकाळी साडेनऊला नवरा आणि लेक किल्ल्यावर. मी, मुलगा आणि सासूबाई प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागेत, किल्ल्याच्या पायथ्याशी. लेकीने आत गेल्यागेल्या पहिला प्रश्न विचारला, “पाण्याचं टाकं कुठंय?” विहीर पाहिली. मग ती उत्तरेच्या तटावर उभी राहून खाली बघत होती, म्हणे एवढा कडा रात्री कसा चढले असतील. बाबांनी सांगितलेली तीस माणसांची आणि साठ मावळ्यांची गोष्ट तिने संध्याकाळी मला पूर्ण सांगितली, आणि फरकही स्वतःच काढला: इथे वाट दाखवणारा माणूस किल्ल्यातच वाढलेला होता.

साडेबाराला आम्ही तिघं कॅल्टन हिलवर पोचलो. सासूबाईंनी तीनदा थांबून टेकडी चढली. वर बारा मोठे खांब उभे आहेत. १८२६ साली सुरू केलेलं स्मारक पैसे संपले म्हणून तसंच राहिलं. मुलगा त्यांच्याभोवती पळत होता. एक वाजायला आला तसा तो माझ्या कुशीत शिरला, कानांवर हात. मी फोन त्याच्यासमोर धरला. एक वाजला. आम्ही मोजायला लागलो. एक, दोन, तीन, आणि चार म्हणायच्या बेताला दूरवरून “धप्प”. त्याने कानांवरचे हात काढले आणि म्हणाला, “आवाज चालत आला.” सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दिवाळीत ज्या मुलाला आम्ही खोलीबाहेर काढू शकत नाही, त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःहून पुन्हा तोफ ऐकायला जाऊ म्हणून हट्ट धरला. लीथकर, हे तुमच्यामुळे. तुम्ही नुसतं “आवाज मोठा असतो, नेऊ नका” लिहिलं असतंत तर आम्ही त्या वेळी घरात बसलो असतो.

तिसरा दिवस पावसाचा, म्युझियमचा. डॉलीपाशी मुलगा आणि ल्युईसच्या बुद्धिबळाच्या सोंगट्यांपाशी लेक, हलायला तयार नाहीत. १८३१ साली ल्युईस बेटावर सापडलेल्या १२व्या शतकातल्या या सोंगट्या, बहुतेक वॉलरसच्या दातांच्या. अकरा इथे, बाकीच्या बऱ्याचशा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. गालावर हात ठेवून चिंतेत बसलेली राणी बघून लेक म्हणाली, “आई, हा आपला वजीर.” मग तिने आजीला एकेक समजावलं. आपला उंट तो इथे बिशप, आपला हत्ती तो इथे ढाल घेतलेला पहारेकरी, घोडा तेवढा घोडाच. आजींनी विचारलं, मग आपला वजीर इकडे येऊन राणी कसा झाला? त्या प्रश्नावर जेवणाची वेळ टळून गेली. म्युझियमसमोरच्या रस्त्याच्या तोंडाशी ग्रेफ्रायर्स बॉबीचा पुतळा आहे. मालक १८५८ साली वारल्यावर चौदा वर्षं त्याच्या थडग्यापाशी राहिलेला कुत्रा, असं सांगतात. लोक त्याचं नाक घासून घासून झिजवतात, आम्ही मुलांना हात लावू दिला नाही. थडग्यावर मुलांनी ठेवलेल्या काठ्या होत्या, आमच्या मुलानेही एक शोधून ठेवली.

शेवटच्या दिवशी वेव्हर्ली स्टेशनवरून छोट्या गाडीने १८९० चा फोर्थ ब्रिज ओलांडून नॉर्थ क्वीन्सफेरीला उतरलो. लाल पोलादी पुलाखाली बसून पोळीचा लाडू खाल्ला. आणखी काहीच केलं नाही, आणि तो दिवस सासूबाईंना सर्वांत आवडला. शाकाहारी हॅगिस त्यांनी दोनदा मागितलं. चटणीसकट.

प्राणिसंग्रहालय राहिलं. मेजर जनरलची भेट नाही झाली.

आजीचापदर, ९ जून

“आवाज चालत आला”! माझ्या नातवाला वाचून दाखवते.

नवीपालवी, १० जून

धागा जपून ठेवला. आम्ही ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जातोय, सहा आणि आठ वर्षांची मुलं. वेळ बरोबर आहे का?

लीथकर, १० जून

ऑगस्टमध्ये फ्रिंज हा नाटकं आणि खेळांचा महोत्सव असतो, १९४७ पासून चालत आलेला. रॉयल माइलवर दिवसभर जादूगार, डोंबारी, गाणारे, आणि मुलांसाठी मुद्दाम केलेली नाटकं. मुलांना मजा येते, पण अकरानंतर त्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. राहायची जागा आजच बघा, दर फार चढतात. फार उशीर झाला असेल तर जवळच्या गावात राहून गाडीने या. सकाळी दहाला वर या, दोन खेळ बघा, दुपारी बोटॅनिक गार्डनला जा. बागेत प्रवेश फुकट आहे आणि तिथपर्यंत गर्दी पोचत नाही. गर्दीत मुलांच्या मनगटावर तुमचा फोन नंबर लिहा. आणि तोफ रविवारी नसते, तेवढं लक्षात ठेवा.